राहून गेलेला रकाना

नानांनी तीस वर्षं गोदाम सांभाळलं होतं. त्यामुळे जी गोष्ट वहीत नाही ती घडलीच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. गाडीचा ब्रेक अधूनमधून कडक लागायला लागला, तेव्हाही त्यांनी आधी वही काढली आणि तीन रकाने आखले: तारीख, ब्रेक, सोबत कोण.

तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. एकटे असताना अकरा फेऱ्या, ब्रेक मऊ. लेक शेजारी असताना चार फेऱ्या, चारही वेळा ब्रेक दगड.

लेकीचा निष्कर्ष वेगळा होता. चौथ्या फेरीत गाडी सिग्नलला पुढच्या टेम्पोला टेकता टेकता राहिली, तेव्हा ती म्हणाली, "नाना, तुमच्या पायात जोर राहिला नाही. सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावते. आणि किल्ली आजपासून माझ्याकडे."

"तू बसलीस की तो रुसतो."

"कोण?"

"ब्रेक. वहीत आहे."

घरी पोचताच किल्ली पर्समध्ये गेली आणि पर्सची चेन सर्रकन ओढली गेली. नानांचं वाचनालय, भाजी, बहिणीकडची शुक्रवारची चक्कर, सगळंच आता 'कुणी नेलं तर' या सदरात जमा होणार होतं.

"सोमवारच्या आधी एकदा मिस्त्रीला दाखव," ते म्हणाले. "मग किल्लीचं नाव काढणार नाही."

मिस्त्री कोपऱ्यावरचाच. तो चालत आला, इंजिन सुरू करून ब्रेक दाबून बघितला. मऊ. लेकीने नानांकडे असं पाहिलं की नानांना स्वतःच्या गुडघ्यांचा संशय यायला लागला. त्यांनी निमूटपणे वही पुढे केली.

मिस्त्रीने हात पुसून ती गंभीरपणे वाचली. "ताई गाडीत बसल्या की काय काय होतं, नाना?"

"बोलते."

"ते सोडा. आणखी?"

"एसी लावते. मी नाही लावत. खिडकी दिलीय ना गाडीला?"

"मग एसीचा रकाना कुठाय?"

नानांनी बोटाने रकाने मोजले. तीनच. तीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

मिस्त्रीने लेकीला स्टिअरिंगवर बसवलं, एसी पूर्ण वाढवला. "दाबा. सोडा. परत दाबा."

तिसऱ्यांदा ती स्टिअरिंग धरून सीटवरून अर्धी उठली. "अहो, हा जातच नाहीये!"

"ताई, जोर राहिला नाही वाटतं पायात," मिस्त्री म्हणाला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग त्याने बॉनेट उघडून एक काळी रबरी नळी वाकवून दाखवली. तिला बोटभर चीर होती. "इंजिन हवा ओढतं, ती ओढ या नळीतून ब्रेकच्या डब्यात जाते आणि तुमच्या पायाला हातभार लावते. एसी लागला की इंजिनावर ओझं पडतं, ओढ कमी होते. नळी धड असेल तर तेवढ्यात भागतं. चिरली असेल तर सगळा भार एकट्या पायावर."

नवी नळी बसली. एसी सुरू ठेवून लेकीने ब्रेक दाबला. लोण्यासारखा गेला. तिने इंजिन बंद केलं, किल्ली काढली, क्षणभर पर्सकडे पाहिलं आणि किल्ली नानांच्या तळहातावर ठेवली.

"सोमवारचा नंबर रद्द करते."

"नको," नाना पट्टी धरून चौथा रकाना आखत म्हणाले. "तू जाऊन ये. तुझ्याही पायाने गेला नव्हता. लिहून ठेवलंय."