विकतचा भोपळा

रोझलोरने तोंड घट्ट मिटून घेतलं. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत, एका चर्चमागच्या खोलीत हैतीहून आलेल्या बाकीच्या बायका शिकवणाऱ्या सेलेस्तीबाईंच्या मागोमाग पोर्तुगीज वाक्य घोकत होत्या, "काही उरलंय का हो?"

बाजार उठताना एवढं विचारलं की भाजीवाले उरलंसुरलं फुकट देतात, म्हणून खरेदीच्या धड्यात बाईंनी सगळ्यात आधी हेच वाक्य घेतलं होतं. बाई मनाच्या चांगल्या होत्या, हैतीच्या बायकांशी त्यांच्याच भाषेत बोलायच्या. चांगल्या माणसांशी भांडणंच अवघड असतं.

"रोझलोर, तू म्हण ना."

"हे नको, बाई. केवढ्याला, ते शिकवा. हे नको, ते द्या, असं कसं म्हणायचं? आणि महाग आहे, ते पण."

"अगं, त्याची तुला इतक्यात कशाला गरज?"

रोझलोरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक जानेवारी आली," ती म्हणाली. "मला भोपळा घ्यायचाय."

हैतीच्या माणसाला एवढं बोललं की पुरतं. एके काळी भोपळ्याचं सूप गुलामांनी रांधायचं आणि मालकांनी ओरपायचं. मालकांना हाकलून लावलं आणि एक जानेवारीला गुलाम स्वतः ते सूप प्यायले, तेव्हापासून त्या दिवशी घरोघर तेच शिजतं. ते सूप मागून आणलेल्या भोपळ्याचं करण्यापेक्षा रोझलोर उपाशी राहिली असती.

बाईंनी शेवटी शिकवलं. हॉटेलातली भांडी घासताना रोझलोर तीच वाक्यं पुटपुटत राहिली. तिच्या खोलीत राहणारी मिर्लांद हसायची.

"फुकट ते पौष्टिक, बये. पैसे कोणी दिले ते भोपळ्याला थोडंच कळतंय?"

"त्याला नाही कळत. मला कळतं."

वर्षाच्या शेवटच्या दिवशी ती सकाळीच बाजारात गेली, मिर्लांद मागोमाग. भोपळेवाला ओस्वाल्दो एरवी गिऱ्हाइकांवर खेकसायचा. हैतीच्या बायकांशी मात्र कुक्कुल्या बाळांशी बोलावं तसं बोलायचा. आजही त्याने फळीखालून मऊ पडलेली एक फोड काढून पुढे ठेवली.

"घे गं पोरी. पैसे राहू देत, नवीन वर्ष आहे."

मिर्लांदचा हात पुढे झाला. रोझलोरने तो मागे ओढला.

"ही नको. तो द्या, वरचा. केवढ्याला?"

"तो विकायचाय, पोरी."

"मी घेणार. विकत."

मागे रांग खोळंबली. कोणीतरी म्हणालं, "देऊन टाका हो बिचारीला." रोझलोरला शब्द कळला नाही, सूर बरोबर कळला. तिने फोड फळीवरून त्याच्याकडे सरकवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ही नको."

ओस्वाल्दोचं तोंड उतरलं. त्याने अख्खा भोपळा तागडीत आदळला. "वीस."

पैसे द्यायचे आणि निघायचं, एवढंच राहिलं होतं. पण एक वाक्य अजून तिच्या जिभेवर होतं.

"महाग आहे," रोझलोर म्हणाली. "सतरा."

"फुकट देत होतो ते नको, आणि आता भाव करते!" ओस्वाल्दो खवळला. "सतरात परवडत नाही. अठरा. घ्यायचा तर घ्या बाई, नाहीतर बाजूला व्हा, मागे माणसं उभी आहेत."

त्या बाजारात आजवर तिला कोणी बाई म्हटलं नव्हतं, की तिच्यावर खेकसलं नव्हतं.

"घेते," रोझलोर म्हणाली आणि पिशवीचं तोंड उघडून त्याच्यापुढे धरलं.