बेनीच्या नावाची गिटार

जयराज मोहिते बावीस वर्षं गिटार वाजवत होता, आणि त्याच्याकडं स्वतःची गिटार कधीच नव्हती.

वाजवायचा ती सरकारी. पलटणीत कवायतीच्या बँडशिवाय एक जॅझ पार्टी असते. अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये कार्यक्रम असला, बडाखान्याची मोठी पंगत असली, की जवानच ड्रम, की-बोर्ड, इलेक्ट्रिक गिटार घेऊन सिनेमाची गाणी वाजवतात. जयराज त्यात लीड गिटारवर होता. हवालदार म्हणून निवृत्त होताना त्यानं गिटार पुसली, तारा ढिल्या केल्या, स्टोअरमध्ये जमा करून सही केली आणि साताऱ्याला आला. आता तो औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सिक्युरिटी सुपरवायझर होता. गेटवर उभा असताना त्याच्या डाव्या हाताची बोटं पँटच्या शिवणीवर आपोआप हलायची. त्याच्या बायकोला, दीपमालाला वाटायचं, हाताला मुंग्या येत असतील. तिनं एकदा तेल गरम करून चोळूनही दिलं होतं.

यंदा त्यांची मुलगी अंकिता सांगलीला इंजिनिअरिंगला लागली. तिला होस्टेलवर सोडून जयराज स्टँडकडं चालत निघाला, तेव्हा वाटेत वाद्यांचं दुकान लागलं. बाहेर हार्मोनियम, आत तंबोरे, आणि काचेमागं एक गडद हिरवी इलेक्ट्रिक गिटार. तो सहज थांबला. गिटारीच्या माथ्यावर पांढऱ्या तिरक्या अक्षरांत कुणाचीतरी सही छापलेली होती. त्यानं डोळे बारीक करून ती वाचली आणि तो पायरी चढून आत गेला.

दुकानदार जिनेश तिशीतला होता. घरचा भांड्यांचा व्यापार भावांवर सोडून त्यानं हे दुकान काढलं होतं.

"या काका. मुलासाठी बघताय?"

"न्हाई. हे नाव..."

"बेनी खारशिंग. शिलाँगचा आहे, आता जगभर फिरतो. कंपनीनं त्याच्या नावाचं मॉडेल काढलंय. त्याची खरी गिटार आपल्या आवाक्यातली नाही. ही त्याच मापाची, पण परवडणारी. मान बघा किती बारीक ठेवलीय. त्याचे हात लहान आहेत म्हणे."

"व्हय," जयराज म्हणाला. "लय लहान हायती."

जिनेशला ती थट्टा वाटली. तो हसला.

जयराज गिटारीला हात न लावता बाहेर पडला. एसटीत खिडकीशी बसल्यावर मात्र त्याला दुसरं काही सुचेना.

शिलाँगला पलटण होती तेव्हा जयराज तेवीस-चोवीस वर्षांचा होता. बेनी त्याच्याहून लहान, हडकुळा पोरगा, गावात कुणाच्या तरी लग्नात वाजवताना भेटलेला. त्याच्याकडं गिटार होती, पण आवाज मोठा करणारा अँप नव्हता. जयराजच्या पार्टीकडं चांगला अँप होता. परवानगी काढून दर रविवारी बेनी पलटणीच्या लाइनीत, बराकींकडं यायला लागला. जयराज, बेनी, बेसवर माण तालुक्यातला नाथाजी आणि ड्रमवर गुंडा. बराकीमागच्या पत्र्याच्या खोलीत शेगडी पेटवून ते जेवणाची शिटी होईपर्यंत वाजवत बसायचे. बेनी एखादी तान अर्धी सोडायचा आणि जयराज ती पुरी करायचा. कधी उलटं व्हायचं. कुणाची कुठली, हे नाथाजीलासुद्धा सांगता यायचं नाही.

पलटण हलायच्या आधी बेनी म्हणाला होता, "जय, फौज छोड दे. मेरे साथ चल. हम दोनों का बँड बनाएँगे."

जयराज हसला होता. पुढं पलटण राजस्थानात गेली, बेनी मोठा झाला. जयराज त्याला फोनवर बघायचा. हजारो माणसांसमोर डोळे मिटून वाजवणारा बेनी एखादी तान अर्धी सोडायचा, तेव्हा जयराजची बोटं शिवणीवर हलायची.

ती गिटार त्याच्या महिन्याच्या पगारात बसत होती, आणि खरा त्रास तोच होता. महाग आहे म्हणून सोडून देता आली असती, तर तो मोकळा झाला असता. आता दुसरी कारणं शोधावी लागत होती. बोटं आखडली असतील. कॉलनीतली माणसं हसतील. वाजवायचं कुणासाठी? या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट होती: गिटार हातात घेतली की रोज ते नाव समोर येणार. तिथं जे दोघांचं झालं असतं, ते एकट्याचं झालेलं दिसणार. आणि तरीही कामावर जाताना, येताना, भाजी घेताना त्याला ती बारीक मान तळहातात जाणवायची.

दिवाळीनंतर दोघं अंकिताला फराळ द्यायला सांगलीला गेले. परतताना जयराजनं नेहमीचा रस्ता सोडून दुकानाची वाट धरली. दीपमालाच्या लक्षात आलं.

"आवं, स्टँड तिकडं हाय न्हवं?"

"एक मिनिट. एक वस्तू बघायची हाय."

गिटार काचेमागंच होती. जिनेशनं त्याला ओळखलं. "आलात काका! विकली नाही अजून. वाजवून तरी बघा." त्यानं अँप लावला आणि स्टूल पुढं सरकवलं. दीपमाला पिशवी मांडीवर घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसली.

पहिले काही सूर चुकले. तारा बोटांत रुतल्या. जयराजनं मनगट झटकलं, पुन्हा सुरुवात केली. मग एक जुनं संथ गाणं सापडलं, आणि त्यातून तो हळूहळू बाहेर निघाला, गाण्याच्या पलीकडं, पत्र्याच्या खोलीत निघायचा तसा. सूर ताणला जाऊन थरथरायचा, खाली यायचा, पुन्हा वर चढायचा. तबला बघायला आलेलं एक गिऱ्हाईक बोलता बोलता थांबलं. जयराजची मान एका बाजूला कलली होती, ओठ थोडे उघडे होते. असं तोंड दीपमालानं कधी बघितलं नव्हतं. नवरा पलटणीत असताना ती सासूच्या आजारपणापायी गावीच राहिली होती. सुट्टीवर यायचा तो माणूस विहिरीची मोटर दुरुस्त करायचा, लग्नांना जायचा आणि परत निघून जायचा.

तो थांबला.

"मला कवा बोलला न्हाईसा," दीपमाला म्हणाली.

"सांगितलं हुतं की. गिटार वाजवतो म्हणून."

"वाजवता एवढंच सांगितलं. असं वाजवता, हे न्हाई सांगितलं."

तिच्या आवाजात राग नव्हता, पण काहीतरी दुखावलेलं होतं. मग जयराजनं तिथंच, स्टुलावर बसून, तिला बेनीचं सगळं सांगितलं.

"आपलं लग्न ठरलं हुतं तवा," दीपमाला म्हणाली. "म्हंजी माझ्यापायी ऱ्हायलासा?"

"न्हाई गं. नाथाजी, गुंडा, ती समदी माणसं. मला पलटण सोडवंना. पर कवा कवा वाटतं, गेलो असतो तर..."

"वाटणारच की," ती म्हणाली आणि पिशवीचे बंद सारखे करत राहिली. "आता घ्या ती."

"त्याचं नाव हाय गं हिच्यावर."

"असू दे की. तुमच्या मैतराचंच हाय न्हवं?"

जयराज माथ्यावरच्या सहीकडं बघत राहिला. बेनी आपला मित्र होता, हा साधा शब्द या सगळ्या महिन्यांत त्याच्या मनात एकदाही आला नव्हता.

जिनेश तर ऐकून उडालाच होता. "काका, तुम्ही बेनीबरोबर वाजवलंय? थांबा, व्हिडिओ काढतो. त्याला टॅग करू. बघेल तो, उत्तरसुद्धा देईल!"

त्यानं फोन वर धरला. जयराजनं क्षणभर त्या फोनकडं बघितलं. एका बोटाचं काम होतं. मग त्यानं हळूच जिनेशचा हात खाली केला.

"नगं भाऊ. त्याला आठवत असंल का नसंल, हे मला न कळल्यालंच बरं."

गिटार आणि एक लहान अँप घेऊन दोघं एसटीत चढली. कऱ्हाडपर्यंत गिटार आडवी दोघांच्या मांडीवर होती. दीपमालानं तिच्यावर हात ठेवला होता, झोपलेल्या लेकराला धक्का लागू नये तसा.

दुसऱ्या दिवशी जयराजची सुट्टी होती. सकाळचं ऊन हॉलमध्ये आलं होतं. त्यानं अँप लावला, आवाज बारीक ठेवला आणि वाजवायला लागला. दीपमाला मेथी निवडायला घेऊन समोर बसली. थोडं वाजवून झाल्यावर तो एकदम थांबला. हात तारांवर तसाच, नजर भिंतीवर. मग पुन्हा वाजवायला लागला, पुन्हा थांबला.

"इसारला?"

"न्हाई. हितं गुंडाच्या ड्रमचं असतं. एकट्याचं. लय जोरात वाजवायचा."

"आनि मगाशी?"

"मगाशी बेनीचं."

"गुंडा भावजी कुठं असत्यात आता?"

"ठावं न्हाई. नंबर लागत न्हाई त्याचा. नाथाजी दहिवडीला हाय, मेंढ्या हायती त्याच्या."

"मग तुमीच वाजवा की त्यांचं बी."

"ते जमत न्हाई," जयराज म्हणाला.

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. गुंडाची जागा आली तेव्हा तो थांबला आणि पायानं हलकेच ताल धरून ती जागा जाऊ दिली. दीपमालानं मेथीची काडी हातात तशीच धरली होती. काही ऐकू येत नव्हतं, पण तीही त्याच्या पायाकडं बघत, ते संपायची वाट बघत राहिली.