ताईने चेहऱ्यावर थेंब टाकला नाही

अरे ऐका, मध्ये बोलू नका! माझी ताई आमच्या अर्काइव्हमध्ये जुने कागद दुरुस्त करते ना, मीही तिथेच फायली काढून देते. ताई कंत्राटावर, किती वर्षं झाली देव जाणे. साहेब म्हणाले, "वास्तुविशारदाचं चित्र प्रदर्शनाआधी स्वच्छ करून द्या, तुमची कायम होण्याची फाइल मी पुढे सरकवतो." तोच हो, आपलं कोर्ट, टाउन हॉल, अर्धं शहर ज्याने बांधलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं त्याचं चित्र, पार पिवळं पडलेलं, आणि जगात उरलेली एकच प्रत.

आता छापाची शाई पाण्याला दाद देत नाही, म्हणून ताई असे कागद सरळ ट्रेमध्ये बुडवते. फक्त आधी प्रत्येक काळ्या जागी पाण्याचा थेंब टाकून टिपकागद दाबायचा, काळं उतरतं का बघायचं. ताईने कोटावर टाकला, हातातल्या कंपासवर टाकला. चेहऱ्यावर नाही! का, तर म्हणे, "एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडावर कसं दाबू गं? हात धजावेना." आणि दिला कागद ट्रेमध्ये सोडून.

दारातून आमचा बाइंडिंगवाला, त्याला सगळे डिंक्या म्हणतात, तो ओरडला, "घाला आंघोळ आजोबांना! कानामागे नीट चोळा!"

आम्ही खो खो हसलो. पाणी चहासारखं झालं. ताई खूश, "बघ, पिवळेपणा निघतोय."

मग डिंक्याच हळू आवाजात म्हणाला, "ताई, नाक कुठे गेलं?"

अगं, पत्रा झिजलेला असणार! चेहरा उठलाच नसेल, म्हणून कुणीतरी तेव्हाच पाण्यात विरघळणाऱ्या साध्या शाईने, ब्रशने भरून टाकलेला. कोट जागच्या जागी, कॉलर, कंपास, सगळं लख्ख. कॉलरच्या वर कोरा कागद.

"फोटो तर असेल ना?" मी विचारलं.

"धुतल्यावर काढणार होतो," ताई म्हणाली. "स्वच्छ यावा म्हणून."

"डिंक्या, तुझा हात चांगला आहे, तू काढ ना परत!"

"काढतो की. डोळे कसे होते सांग."

मला काही केल्या आठवेनात. रोज बघायचो रे आम्ही ते चित्र! ताईलाही सांगता येईना.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "चेहऱ्यावर थेंब टाकला होता?" हो म्हणाली असती तर कोणाला कळणार होतं? ताई म्हणाली, "नाही."

"कामाच्या खोलीची चावी ठेवा टेबलावर."

"कागद ओला आहे साहेब, टिपकागद बदलायला हवेत, नाहीतर बुरशी धरेल."

"डिंक्या बदलेल."

आणि आज सकाळी ताई नेहमीसारखी डबा भरून निघाली. आई म्हणाली, "सरकली का गं फाइल?" ताई म्हणाली, "सरकली." आईने मावशीला, काकूला, सगळ्यांना फोन केलेत, ताई कायम झाली म्हणून. ताई कुठे गेलीय मला ठाऊक नाही, फोन उचलत नाहीये. आता घरी जाऊन मी काय बोलू, सांगा ना कुणीतरी!