बदकाची चादर

"तुमचं उत्पन्न वाढलंय," सरकारी कचेरीतल्या खिडकीपलीकडच्या मॅडम म्हणाल्या. चांगली बातमी सांगावी तशा म्हणाल्या.

"माझं?" धाकटीला हसूच आलं. "मॅडम, काहीतरी घोळ झालाय. माझं वयच काय ते वाढतंय."

मॅडमही हसल्या. बाई मनाने वाईट नव्हती, हेच तर दुखणं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी दाखवलं, गेल्या महिन्याचा पगार मर्यादेच्या जरासा वर गेला होता. कमी पगारवाल्यांच्या मुलांचा पाळणाघराचा खर्च सरकार उचलत असे, तो आता बंद.

धाकटी इस्पितळाच्या लाँड्रीत इस्त्री करायची. कामाला लागली तेव्हा सगळ्यांत लहान होती म्हणून धाकटी. पुढे तिशी उलटली, लेक झाली, नवरा सोडून गेला, नाव मात्र तेच राहिलं. शेजारच्या टेबलावर मावशी. तिथल्या बायकांची एक रीत होती. एकीला दुखणं आलं की दुसरीने तिची कामाची पाळी करायची आणि त्या पाळीचा पगार मुकाट्याने तिला नेऊन द्यायचा. मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा धाकटीने आपली पाळी संपवून तिचीही ओढली आणि पाकीट तिच्या उशाखाली ठेवून आली. त्यात काही विशेष केलं असं तिला वाटलंही नाही.

"ते पैसे माझे नव्हतेच हो! मावशीचे होते."

"तुमच्या नावावर आले ना? मग तुमचेच. मी तरी काय करू, ताई?"

पाळणाघर सुटलं. छकुलीला शेजारच्या आजीकडे ठेवायचं, तर आजी दुपारपर्यंतच सांभाळणार. धाकटीने मुकादमाचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले आणि अर्धी पाळी मागून घेतली. पगारही अर्धा झाला. ती पुन्हा खिडकीशी गेली.

"आता नियमात बसता तुम्ही," मॅडम म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या. "पण जागा भरली हो. नाव लावून ठेवते."

मावशीला कळलं तेव्हा ती पाकीट घेऊन धावत आली. "घे बाई, परत घे. माझ्यामुळे झालं सगळं."

"नको गं मावशी. तेही माझ्या नावावर चढायचं," धाकटी म्हणाली. दोघी हसल्या आणि मग मावशी पदराने डोळे पुसत बसली.

पाळणाघरात प्रत्येक मुलाच्या चादरीवर त्याच्या आईने एक चित्र शिवायचं असे, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही आपलं अंथरूण ओळखता येई. छकुलीचं बदक होतं. मान जरा वाकडी आली होती, पण छकुलीचा त्याच्यावर भारी जीव. आजीकडे सतरंजीवर पडल्या पडल्या ती रोज विचारायची, "माझ्या बदकावर कोण झोपतं?"

"कुणी नाही गं. ते वाट बघतंय तुझी," धाकटी सांगायची. दुसरं काय सांगणार होती?

पाळणाघराच्या चादरी धुवायला याच लाँड्रीत येत. त्या आठवड्याचं गाठोडं टाकताना गाडीवाले काका म्हणाले, "पाळणाघराच्या बाईंनी सांगितलंय, या चादरीवरचं बदक उसवून पाठवा. नव्या पोराला ससा हवाय."

त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. मावशीने झटकन हात पुढे केला. "दे इकडे, मी उसवते."

"नको. टाके माझे आहेत. दुसऱ्या कुणी ओढले तर कापड फाटेल."

चादर धुऊन टेबलावर आली तेव्हा धाकटीने चोचीपासून सुरुवात केली. एकेक टाका कातरीच्या टोकाने उचलला, दोरा हलकेच ओढला. पोट गेलं, मान गेली. मागे नुसती भोकं उरली, आणि त्या भोकांतही बदक दिसतच होतं. तिचे डोळे भरून आले. तिने कापडावर पाणी शिंपडलं आणि इस्त्री दाबून धरली. वाफ निघाली. पुन्हा शिंपडलं, पुन्हा दाबली.

मग तिने त्या कोपऱ्यावरून हात फिरवून पाहिला. काहीच लागलं नाही. नेहमीसारखी चौकोनी घडी घालून तिने चादर बाकीच्यांवर ठेवली आणि पुढची ओढली.