सासऱ्यांसाठी चुकीच्या पाट्या

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं शाळेत लॅटिन शिकवलं. इंग्रजीने लॅटिनमधून उचललेल्या शब्दांची राखण करणं हे आपलंच काम, असं ते मानतात. गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही ते काम चालूच होतं, फक्त खाटेवरून. "डेटा 'इज' कसलं? 'आर'! अनेकवचन आहे ते!" असं इंग्रजी वर्तमानपत्राला खडसावायचे. चालायचं मात्र नाव नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "या महिन्यात चालले नाहीत, तर गुडघा कायमचा आखडेल."

मी विनवलं, भांडले, रडलेसुद्धा. पालथ्या घड्यावर पाणी!

घराला लागूनच माझी रोपवाटिका आहे. एका सकाळी त्यांच्या खिडकीसमोरच्या निवडुंगांवर मी ठळक इंग्रजी अक्षरांत पाटी लावली: कॅक्टसेस.

"सूनबाई!" खिडकीतून गर्जना आली. "लॅटिन शब्द आहे तो! अनेकवचन कॅक्टाय! कॅक्टाय लिही!"

"माझे हात मातीत आहेत, बाबा. तुम्हीच करा की दुरुस्त."

पंधरा पावलं होती. वॉकर धरून, कण्हत, मला नावं ठेवत ते आले आणि खिशातून खडू काढला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी यांच्या खिशात खडू! मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी फुलझाडांवर पाटी: ग्लॅडिओलसेस. मग खताच्या ढिगामागे क्रोकसेस. पाटी रोज थोडी लांब जायची आणि बाबा रोज माझी अक्कल काढत तिथवर यायचे. "शाळेत काय झोपा काढल्यास?" मी मान खाली घालून ऐकायची. बोलणी खाऊन इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. वॉकर गेला, काठी आली.

महिना संपत आला तेव्हा मी संध्याकाळीच पाटी थेट मागच्या फाटकावर ठोकली: नार्सिससेस. सकाळी जाऊन बघते तर एकही खूण नाही, शब्द जसाच्या तसा. बाबा आलेच नाहीत की काय? मग खाली खडूची बारीक अक्षरं दिसली.

'सूनबाई, हेही चालतं. कॅक्टसेसही चालतं. शब्दकोशात दोन्ही आहेत, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आता पाट्या रस्त्यापलीकडे लाव. काठी वेलांच्या आधाराला घे.'

काठी फाटकाला टेकून उभी होती. बाबा घरी परतलेसुद्धा होते, आणि खिडकीतून वर्तमानपत्रावर ओरडत होते.