मोंबासामार्गे काशी

मोंबासा सोडून आगबोटीला नऊ दिवस झाले, तरी अंबिकाबाईंना काशीचे घाट काही पाठ होईनात.

"सांग, दशाश्वमेधानंतर काय?" व्यंकटरावांनी विचारलं.

"मळमळतंय हो."

"आधी घाटाचं नाव सांग, मग खुशाल मळमळ."

"मणिकर्णिका."

"त्याच्या पुढं?"

पुढचं अंबिकाबाईंना आठवेना. आठवावंसंही वाटेना. डोळे मिटले की त्यांना घाट दिसायचाच नाही. दिसायचा तो मोंबाशाच्या धक्क्यावर सुनेच्या कडेवर बसलेला रंगनाथ. वय वर्ष सव्वा. निघताना त्यानं यांची नथ अशी काही घट्ट धरली होती की सोडवताना नाकातून रक्त आलं. सोडवली सुनेनं. अंबिकाबाईंच्यानं काही ती सोडवली नसती.

आता औरंगाबादेतून काशीला निघालेलं जोडपं मोंबाशाच्या आगबोटीवर कसं, हे सांगितलं पाहिजे. व्यंकटराव तालुकदार कचेरीतले पेशकार. तीस वर्षं निजाम सरकारच्या कागदांवर सह्या करून निवृत्त झालेला माणूस. कागद समोर आला की आधी सही, मग वाचणं, ही त्यांची खोड. तीन वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा हेमचंद्र आफ्रिकेत रेल्वेवर कारकून म्हणून गेला, बायकोला घेऊन गेला. समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडाला. आप्पासाहेब शास्त्र्यांच्या ओसरीवर ब्रह्मवृंद जमला आणि ठराव झाला: हेमचंद्राला वाळीत टाकावं, त्याच्याशी पंगत नाही, पाणी नाही, आणि जो ठेवील तोही वाळीत. कागद फिरला. पहिली सही कुणाची? बापाची. कुणी हात धरून करवली नव्हती. पण करून बसले.

अंबिकाबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. नातू झाल्याचं पत्र आलं तेव्हाही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकात मीठ टाकणं बंद केलं. भांडण नाही, रडणं नाही. वरण अळणी, भाजी अळणी, पिठलं अळणी. व्यंकटरावांनी वरून मीठ मागितलं तर म्हणायच्या, "संपलंय." हे बावीस दिवस चाललं. तेविसाव्या दिवशी ताटावरून उठता उठता व्यंकटराव म्हणाले, "बरं बाई, बघतो काय तजवीज होते ती."

तजवीज अशी झाली की पेशकार दांपत्य त्रिस्थळी यात्रेला निघालं. काशी, प्रयाग, गया. शिवाय पाच-सहा महिने काशीवास. दिवाळी झाल्यावर सगळा मोहल्ला स्टेशनापर्यंत पोचवायला आला. आप्पासाहेबांनी स्वतः हार घातला. मनमाडला गाडी बदलताना काशीवाले उजवीकडं गेले आणि हे दोघं मुंबईकडं. व्यंकटरावांनी एकच अट घातली होती, "चल, दाखवतो नातू. पण परत आल्यावर औरंगाबादेत रंगनाथाचं नाव तोंडातून काढायचं नाही. ब्र काढायचा नाही. काढलास तर उद्यापासून आपल्याला विहिरीवर पाणी नाही, मेल्यावर खांदा नाही."

अंबिकाबाईंनी हो म्हटलं होतं. नातू बघायला मिळतोय म्हटल्यावर त्या कशालाही हो म्हणाल्या असत्या. पण आता परतीच्या वाटेवर त्यांना कळत होतं की आपण काय कबूल करून बसलो. पोटात सहा महिन्यांच्या गोष्टी नुसत्या उकळतायत, आणि सांगायचं कुणाला? या माणसाला? त्याला घाट हवेत.

मुंबईला उतरल्यावर भुलेश्वरात एका बैराग्याकडून गंगेच्या बारा लोट्या घेतल्या, तोंडं कथलानं झाळून बंद केलेल्या. गंगा खरी होती. या सगळ्या यात्रेत तेवढी एकच वस्तू खरी होती, असं अंबिकाबाईंना वाटलं. मग रात्रभर गाडी, मनमाडला सकाळी चार तास फलाटावर, मग निजामाची छोटी गाडी.

रोटेगावला डब्यात करोडगिरीचा दारोगा चढला. निजामाच्या हद्दीत येणाऱ्या मालावर जकात घेणारं हे खातं. त्याच्या तावडीतून तुळशीचं रोपसुद्धा सुटायचं नाही. दारोगा निघाला वहाबमियां, यांच्याच मोहल्ल्यातला.

"आदाब पंडितजी! काशी हो आए? मुबारक!" म्हणत त्यानं पेटी आडवी केली आणि तिच्या बुडाकडं बघतच राहिला. बुडाला आगबोट कंपनीची चिठ्ठी चिकटलेली होती, हातभर अक्षरांत मोंबाशाचं नाव.

व्यंकटरावांच्या तोंडचं पाणी पळालं. काशीचे सगळे घाट पाठ करणाऱ्या माणसानं पेटी उलटी करून बघितली नव्हती.

वहाबमियांनी शांतपणे नखानं चिठ्ठी खरवडली, चुरगाळली, खिडकीबाहेर टाकली. "काशी में कागज बहोत चिपकते, पंडितजी," तो म्हणाला. मग अंबिकाबाईंकडं वळून, आवाज खाली आणून, "भाभी, हेमू के बाल-बच्चे अच्छे हैं ना?"

अंबिकाबाईंनी तोंड उघडलं. सहा महिन्यांचं सगळं ओठावर आलं. तेवढ्यात व्यंकटराव असे खोकले की शेजारची बाई जागी झाली. अंबिकाबाईंनी तोंड मिटलं आणि नुसती मान हलवली. त्या वेळी नवऱ्याचा त्यांना इतका राग आला की बाराच्या बारा लोट्या त्याच्या डोक्यावर ओताव्यात.

औरंगाबादेत मोठा थाट. स्टेशनावर वाजंत्री, दारात पायघड्या. काशीहून आलेल्या माणसाचे पाय म्हणजे तीर्थच. परातीत दोघांचे पाय ठेवले, बायकांनी धुतले आणि ते पाणी ओंजळी ओंजळीनं सगळे प्याले. आप्पासाहेब दोनदा प्याले. त्यांच्या बायकोनं, द्वारकाबाईंनी, उरलेलं लोटीत भरून घरी नेलं, सासूबाईंसाठी. व्यंकटराव मान खाली घालून उभे होते. लोक म्हणाले, काय हा विनय!

आठ दिवसांनी मावंदं. यात्रा सुफळ झाल्याची पंगत. साठ पानं. वैशाख असल्यामुळं पिशोरहून पाट्याच्या पाट्या आंबे आणवले होते, कारण आंबा म्हणजे व्यंकटरावांचा जीव की प्राण. आमरसाचं पातेलं दोघांनी धरून आणलं. व्यंकटराव वाटीत बोट बुडवणार, तोच शेजारच्या पानावरून आप्पासाहेबांनी विचारलं, "बरं, काशीत सोडलंत काय?"

व्यंकटरावांचा हात वाटीवरच थांबला. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी एक जन्मभरासाठी सोडायचं असतं. शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. घाट पाठ, देवळं पाठ, पंड्यांची नावं पाठ, आणि नेमकं हे डोक्यातून साफ गेलेलं!

"वांगं," ते घाईघाईनं म्हणाले.

"वांगं?" आप्पासाहेब हसले. "अहो, वांगं तुम्ही आयुष्यात खाल्लंय कधी? वांग्याचं नाव काढलं की पानावरून उठता. जिवाभावाचं सोडायचं असतं, पेशकार. विश्वेश्वरालाही फसवलंत की काय?"

सगळी पंगत हसायला लागली.  फसवलंत म्हटल्यावर व्यंकटरावांना दुसरं काही सुचेचना. "तसं नव्हे... म्हणजे... आंबा," ते म्हणाले. "आंबा सोडला."

 मग आप्पासाहेबांनी हात जोडले. "धन्य आहात! वाढा रे, यांची वाटी उचला." वाटी उचलली गेली. साठ पानांवर रस वाढला जात होता, भुरके ऐकू येत होते, आणि व्यंकटराव वरणभात कालवत होते. माजघराच्या दारातून अंबिकाबाईंनी ते पाहिलं. हसू आलं, आणि खोटं कशाला बोलावं, लई बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी बायका जमायला लागल्या. काशीचं सांगा, काशीचं सांगा. अंबिकाबाईंनी पहिल्या दिवशी घाट सांगितले. अर्ध्या तासात संपले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगताना बायका जांभया द्यायला लागल्या. तेव्हा अंबिकाबाईंच्या तोंडून निसटलं, "आमच्या बिऱ्हाडाशेजारी एक पोर होतं बघा."

एवढंच. पण बांध फुटला. ते पोर रांगत रांगत तांदळाच्या डब्यात कसं जाऊन बसलं, दळताना जात्याच्या घरघरीवर मान कशी डोलवायचं, गरम भात दिसला की स्वतःच आधी फुंकर मारायचं, झोपताना अंबिकाबाईंचाच कान हातात लागायचा, दुसऱ्या कुणाचा चालायचा नाही. बायका हसून हसून लोळल्या. तिसऱ्या दिवशी जास्त बायका आल्या. घाट कुणी विचारले नाहीत. आल्या आल्याच म्हणायच्या, "हं, काशीचं पोर सांगा."

व्यंकटराव ओसरीवरून ऐकायचे आणि आत येऊन दात-ओठ खायचे. "पुरे कर. एखाद दिवशी गळ्याशी येईल."

"नाव घेतलंय का मी? मग झालं तर," अंबिकाबाई म्हणायच्या. त्या सुखात होत्या. म्हणजे जवळजवळ सुखात. रात्री अंथरुणाला पाठ लागली की वाटायचं, मी माझ्याच नातवाला परक्याचं पोर म्हणून वाटत सुटलेय.

एक दिवस बाकीच्या उठून गेल्या तरी द्वारकाबाई बसून राहिल्या. बाहेर ओसरीवर आप्पासाहेब व्यंकटरावांशी बोलत होते, त्यांच्याबरोबर जायचं होतं. सुपारी कातरता कातरता द्वारकाबाई म्हणाल्या, "एवढं गोड पोर. आणि कान तुमचा धरून झोपायचं. त्याला आजी नव्हती का हो?"

अंबिकाबाई तबकातली पानं पुसायला लागल्या.

"असेल तर दगडाची असेल," द्वारकाबाई पुढं म्हणाल्या. "असं पोर दुसऱ्यांच्या अंगावर टाकून कुठं बसलीय कोण जाणे. लाज नाही वाटत एकेकीला."

"आहे," अंबिकाबाई म्हणाल्या. "आजी आहे त्याला." आता थांबणं त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. "मीच आहे. हेमूचा मुलगा तो. आम्ही काशीला गेलोच नाही, द्वारकाबाई. मोंबाशाला गेलो, समुद्र ओलांडून. आता टाका वाळीत. मला काही नको, विहीर नको, खांदा नको. पण दगडाची म्हणू नका."

अडकित्ता द्वारकाबाईंच्या हातात तसाच राहिला. त्यांनी एकदा ओसरीच्या दाराकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आम्ही पाय धुऊन पाणी प्यालो, ते..."

"हो."

"हे दोनदा प्याले."

"हो."

"सासूबाईंना मी रोज चमचाभर देतेय. आणि मावंद्याला साठ पानं उठली. हरी पुराणिक, दोन्ही जोशी, आमचे मामंजी..." द्वारकाबाई बोटं दुमडत मोजत होत्या. "ठरावात काय आहे? जो पंगत ठेवील तोही वाळीत. म्हणजे सगळे. मुंडन करून पंचगव्य घ्यायचं झालं तर पहिला नंबर यांचा. आणि ठराव लिहायचा कुणी? यांनीच."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. अंबिकाबाईंना वाटलं, रडतायत. धर्म बुडाला म्हणून रडतायत. त्या पाया पडायला वाकल्या. तेव्हा त्यांना दिसलं की द्वारकाबाई हसतायत, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतायत, आणि आवाज ओसरीवर जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबलाय.

"अगं बाई," त्या शेवटी धापा टाकत म्हणाल्या, "आपल्यावर सोवळ्याच्या नावानं वीस वर्षं ओरडतोय हा माणूस." मग डोळे पुसले आणि एकदम गंभीर झाल्या. "नाव काय म्हणालात त्याचं मघाशी?"

"मी नाव नाही घेतलं."

"मग घ्या आता. काय नाव?"

"रंगनाथ," अंबिकाबाई म्हणाल्या. आणि त्यांना रडू कोसळलं.

"यांना गप्प करायचा जिम्मा माझा," द्वारकाबाई म्हणाल्या. "घरी जाऊन यांना मी सांगते काय सांगायचं ते. एक शब्द बोलतील तर सासूबाईंना लोटीची गोष्ट सांगेन म्हणावं. तुम्ही एक करा. हेमूला लिहा, बायका-पोराला घेऊन ये म्हणावं. वाळीत टाकायला गावात आता उरलंय कोण?"

अंबिकाबाई उठल्या. पदरानं तोंड पुसलं, दारापाशी गेल्या. ओसरीवर आप्पासाहेब काशीच्या माहात्म्यावर बोलत होते आणि व्यंकटराव मान डोलवत होते.

"अहो," अंबिकाबाई म्हणाल्या, चांगल्या खणखणीत आवाजात, "दौत आणि टाक घेऊन आत या. आपल्या रंगनाथाला पत्र लिहायचंय."