पाठमोरा कागद

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. खडूचा नव्हे, टाचण्यांचा. सुताराने मऊ तक्त्यावर हिरवं कापड ताणून मला चौकटीत बसवलं आणि वर्गाच्या मागच्या भिंतीवर टांगलं. तेव्हापासून अंगाची चाळण झाली, पण मी कधी कुरकुरलो नाही. मुलांची चित्रं, निबंध, पडलेल्या दातांच्या गोष्टी मी छातीवर मिरवल्या.

आमच्या वर्गाची एक रीत होती. कागद सुलटा लावला, तर सगळ्यांनी वाचायचा. पाठमोरा लावला, म्हणजे कोरी बाजू वर ठेवली, तर तो फक्त बाईंनी वाचायचा. इतर कुणी तो कधी उलटून पाहिला नाही.

मग बाईंनी मोबाइलवर वर्गाचा गट काढला. "आता सगळं इथंच टाका. घरच्यांनाही दिसेल," त्या म्हणाल्या. समोरच्या भिंतीवर मोठा पडदा आला, त्यावर अंगठे नि बदाम उमटू लागले. मला तो पहिल्या दिवसापासून खटकला. ज्याला मागची बाजूच नाही, त्याचा भरवसा कसा धरायचा?

'माझं घर' असा विषय दिला होता. वर्गातली सगळ्यांत लहानखुरी मुलगी, जिला सगळे मुंगी म्हणतात, तिने आपल्या कागदाचा फोटो गटावर टाकला आणि लगोलग त्याच कागदाच्या कोऱ्या बाजूचाही टाकला. तिच्या लेखी कागद झाकला गेला.

सकाळी बाईंनी पडदा सुरू केला आणि त्यावर मुंगीचा कागद उमटला. 'बाबांची नोकरी सुटली आहे. ते रोज डबा घेऊन निघतात आणि बागेत बसतात. हे आजीला सांगायचं नाही.'

"पण मी झाकला होता ना, बाई," मुंगी बाकावर डोकं टेकून म्हणाली.

"पुसते गं बाळा, आत्ता पुसते." बाईंची बोटं चुकत होती.

तेवढ्यात एक मुलगा उठला, ज्याला सगळे भोंगा म्हणतात. याने जांभई दिली तरी शेजारच्या वर्गात ऐकू जाते. आता हा साऱ्या शाळेला सांगणार, असं मला वाटलं.

"बाई, कागद पाठमोरा होता. आम्ही नाही वाचला," तो म्हणाला. "काय रे, कुणी वाचला का?"

"नाही," सगळा वर्ग म्हणाला.

मुलांनी रीत पाळली. पण घरोघरी ती कुणाला ठाऊक? शाळा सुटताना वर्गाच्या दारात आईऐवजी बाबा उभे होते. मुंगी जागची हलेना.

"आजीला कळलं?"

"कळलं. शेजारच्या काकूंनी मोबाइलवरून वाचून दाखवलं."

"रागावली?"

"म्हणाली, गाढवा, बागेत गार डबा खातोस? घरी येऊन जेवत जा."

मुंगी हसली. बाबा मात्र खाली वाकून तिच्या दप्तराचा लागलेलाच बंद पुन्हा लावत राहिले.

गोड झालं म्हणून मी पाघळणार नाही. त्या काकूंनी आणखी कुणाकुणाला वाचून दाखवलं, ते कोण सांगणार?

बाईंनी माझ्यावरची धूळ झटकून टाचण्यांची डबी पुन्हा शेजारी ठेवली आहे. काल मुंगीने कोपऱ्यात एक कागद लावला, पाठमोरा. त्यातली अक्षरं माझ्या अंगाला टेकली आहेत, त्यामुळे मला ती ठाऊक आहेत. मी सांगणार नाही. आणि मित्रांनो, इथून जाताना तुम्हीही तो उलटून बघू नका.